पंधरा मिनिटांची किंमत कोण ठरवतं?

खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणी म्हणतात. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. माझ्या पीएचडीचा निम्मा वेळ स्टॉपवॉच हातात धरून आजी-आजोबांना हे करताना बघण्यात जातो.

आमच्या पेपरांत शेवटी ठरलेलं वाक्य असतं: सराव जितका नियमित, तितका फायदा जास्त. हा सराव करून घेणाऱ्याचे पैसे कोण देणार, हे मात्र कुणी लिहीत नाही. मीही लिहिलेलं नाही. आज लिहितो.

अमेरिकेत 65 वर्षांवरच्या लोकांचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर. फिजिकल थेरपीतले बरेचसे उपचार, म्हणजे व्यायाम करून घेणं, तोल सांभाळायला शिकवणं, 15 मिनिटांच्या हिशोबाने मोजले जातात. प्रत्येक उपचाराला काही गुण असतात आणि त्या गुणांना एका डॉलरच्या आकड्याने गुणतात. खरी मेख या आकड्यात आहे. 2020 मध्ये तो 36.09 होता, 2025 मध्ये 32.35. म्हणजे जवळजवळ 10 टक्के घट, आणि तीही महागाई धरलेली नाही! त्याच काळात घरभाडं, पगार, वीज यांचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

कमी का झाला? कुणी थेरपीचा अभ्यास करून ‘याचा उपयोग नाही’ असं ठरवलं म्हणून नाही. 1989 च्या कायद्यात अट आहे की दरांतल्या बदलांमुळे वर्षाचा खर्च 2 कोटी डॉलरपेक्षा जास्त वाढत असेल, तर तेवढी रक्कम बाकीच्यांकडून कापायची. 2021 मध्ये डॉक्टरांच्या तपासणीचे दर वाढवले. ते गरजेचंच होतं. पण थेरपिस्ट त्या तपासणीचं बिल लावत नाहीत, त्यामुळे वाढ दुसऱ्यांना आणि कपात यांना. आणि ती 2 कोटींची मर्यादा? 1989 पासून तशीच आहे. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

यावर आणखी दोन कात्र्या आहेत. एकाच दिवशी एकापेक्षा जास्त उपचार केले, तर दुसऱ्यापासून पुढच्या उपचारांतला जागा-सामानाच्या खर्चाचा भाग निम्मा होतो. आणि 2022 पासून सहायक थेरपिस्टने उपचार केले तर 85 टक्केच पैसे. ज्या 2018 च्या कायद्याने थेरपीवरची जुनी वार्षिक मर्यादा उठवली, त्याच कायद्यातून ही कपात आली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

सरकारी पैसा जपून वापरावा, हे मला मान्य आहे. गरज नसताना उपचार लांबवणारेही असतात. त्यांना शोधून पकडा की. सरसकट दर कमी केल्याने ते सुधारत नाहीत. उलट कमी वेळात जास्त पेशंट घ्यायची सवय सगळ्यांनाच लागते. तोल सांभाळायच्या व्यायामात आजींच्या शेजारी माणूस उभाच राहावा लागतो. तिथे घाई करायची कशी?

अमेरिकन काँग्रेस (आपली नव्हे, त्यांची संसद) अधूनमधून जागी होते. 2021 ची मोठी कपात तिने शेवटच्या क्षणी सौम्य केली. 2026 साठी 2.5 टक्के वाढ दिली, पण एकाच वर्षापुरती. ही ठिगळं आहेत. दरवर्षी डिसेंबरात संसदेच्या तोंडाकडे बघत बसलेला दवाखाना नवा थेरपिस्ट नेमेल का?

तुमच्यापैकी जे तिथले मतदार आहेत, ज्यांचे आईवडील मेडिकेअरवर आहेत, त्यांनी आपल्या सेनेटरला पत्र लिहा. ‘थेरपी वाचवा’ इतकंच लिहू नका, ते मोघम होतं. तीन गोष्टी मागा: 2 कोटींची मर्यादा वाढवा, तो गुणाकाराचा आकडा दरवर्षी महागाईशी जोडा, आणि सहायकांची 15 टक्के कपात मागे घ्या.