मार्जार, घरपण आणि मराठी ललितगद्य

मराठी वाङ्मयातील प्राणिसृष्टीचा विचार करू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. ज्याला आमच्या स्वयंपाकघरापर्यंत मुक्तद्वार आहे आणि अंथरुणाच्या पायथ्याशी ज्याची जागा ठरलेली आहे, त्या मांजराच्या सहवासाविषयी आमचे ललितगद्य फार थोडे बोलते. मांजर आमच्या भाषेत नाही असे नव्हे. म्हणींत ते आहे, शकुनांत आहे, बालगीतांत तर त्याचे राज्यच आहे. परंतु मांजर पाळून माणसाला जे स्वास्थ्य लाभते त्याचे स्वरूप काय, याची पृच्छा आमच्या लेखकांनी क्वचितच केली. ही उणीव आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. तिच्या मुळाशी आमच्या वाङ्मयीन अभिरुचीची एक जुनी सवय आहे, आणि त्या सवयीची परीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम भाषेचीच साक्ष काढू. ‘मार्जार’ हा शब्द ‘मृज्’ म्हणजे स्वच्छ करणे या धातूपासून आला, असे परंपरा सांगते. व्युत्पत्तीने असा गौरव केला खरा. पण म्हणींनी त्याची पुरती परतफेड केली. डोळे मिटून दूध पिणारे मांजर ढोंगाचा नमुना ठरले, शिंके तुटले ते बोक्याचे फावले, उंदराला मांजर साक्षीदार मिळाले, आणि वाटेत आडवे गेले तर ठरलेले काम बिघडले. या संशयाचे मूळ बरेच खोल आहे. ‘हितोपदेशा’त आंधळ्या गिधाडाचा विश्वासघात करणारा दीर्घकर्ण मांजरच, मनुस्मृतीने दांभिकाला ‘बैडालव्रतिक’ हेच नाव दिले, आणि महाबलिपुरम् येथील सातव्या शतकातील प्रसिद्ध शिल्पपटात हात वर करून तप करणारे मांजर उंदरांच्या मेळ्यात आजही उभे आहे. महाभारताच्या शांतिपर्वात लोमश मांजर व पलित उंदीर यांची मैत्री येते, पण तीही संकटापुरती. जाळे तुटताच शहाणा उंदीर बिळाशी राहतो.

या उलट, ज्या प्राण्यांना आमच्या संस्कृतीने जवळ केले त्यांची यादी पाहावी. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, सापालाही नागपंचमी आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबापाशी कुत्रे आहे, आणि गणपतीने तर खुद्द उंदरालाच वाहनाचा मान दिला. बंगालमध्ये बाळंतघराची देवता षष्ठी मांजरावर बसून येते; आमच्याकडे पाचवी-सहावीला येणाऱ्या सटवाईबरोबर मात्र ते वाहन लोकमानसात रुजलेले दिसत नाही. दक्षिणेच्या श्रीवैष्णवांनी ईश्वरी कृपेचे स्वरूप सांगताना ‘मार्जारन्याय’ मांडला: वानराचे पोर आईला कवटाळून धरते, पण मांजरीचे पिलू काहीच करीत नाही; आईच त्याला तोंडात धरून सुरक्षित जागी नेते. ‘मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत’ या आमच्या म्हणीत नेमका हाच अनुभव आहे. तरी मराठी संतवाणीत वात्सल्याची मुख्य रूपे ठरली ती गाय, कासवी आणि पक्षिणी यांची.

आणखी एक सूक्ष्म पुरावा व्याकरणाचा आहे. मूल, लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू हे आमचे लाडके शब्द नपुंसकलिंगी. मराठीत ते लिंग पुष्कळदा मायेचे लिंग असते. ‘ते मांजर’ याच पंक्तीला बसलेले आहे. सारांश, भाषेच्या अंतरंगाने मांजराला लेकराच्या ओळीत केव्हाच घेतले आहे. वाङ्मय मात्र अद्याप त्याला शिंक्याखालून हाकलीत आहे.

आधुनिक काळात हे चित्र पालटावयास हवे होते. फडके, खांडेकर, काणेकर यांनी लघुनिबंध रूढ केला तो लहानसहान विषयांत रमण्यासाठीच. मांजरासारखा विषय या प्रकाराला जणू बांधून दिलेला. पण त्या लघुनिबंधाला एक खोड होती: विषय लहान घ्यावयाचा आणि शेवटी त्यातून जीवनाचे काही तत्त्व काढून दाखवावयाचे. कुत्र्यातून निष्ठा निघते, बैलातून कष्ट निघतात, मांजरातून असे तत्त्व सहजी निघत नाही. ते आज्ञा पाळीत नाही, उपकाराची जाणीव दाखवीत नाही, हाक मारली तर मनास येईल तेव्हा येते. पुढे इरावती कर्वे, दुर्गा भागवत यांच्यासारख्या लेखकांनी ललितनिबंधाला तात्पर्याच्या जाचातून सोडविले. ‘ऋतुचक्र’ (1956) हे पुस्तक निसर्गाकडे उपदेशाविना पाहण्याचा धडाच होय. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ने (1982) वानरांच्या टोळीला कादंबरीचे मानकरी केले. परंतु हे सारे रानाकडे गेले. घरातल्या प्राण्याकडे वळणारी दृष्टी विनोदाची राहिली, पु. ल. देशपांडे यांच्या ‘पाळीव प्राणी’ या लोकप्रिय लेखातही थट्टेचा रोख पाळणाऱ्यांच्या हौसेवरच अधिक आहे. गंमत अशी की, मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (1947) मध्ये पिंपातल्या मेलेल्या उंदरांना आणले आणि मराठी काव्याचे वळण बदलले. उंदराला नवकाव्यात प्रवेश मिळाला. मांजर मात्र दाराशीच थांबले.

अन्य भाषांत असे घडलेले नाही. सोळाव्या शतकात माँतेन या फ्रेंच निबंधकाराला शंका आली की, आपण मांजरीशी खेळतो की तीच आपल्याशी खेळून वेळ घालविते. आणि या साध्या शंकेने मानवी अहंकाराला मोठा धक्का दिला. वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या ख्रिस्तोफर स्मार्ट या इंग्रज कवीने अठराव्या शतकात आपल्या जेफ्री नावाच्या मांजराची स्तुती लिहिली. तिच्यात मांजराचे अंग चाटणे आणि आळस देणे हीच ईश्वराची उपासना ठरली. ते काव्य छापले गेले 1939 साली, म्हणजे एलियटचे मांजरांवरील विनोदी कवितांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी. जपानच्या सोसेकीने 1905-06 मध्ये एका बिननावाच्या मांजराच्या तोंडून सुशिक्षित मध्यमवर्गाची फजिती सांगितली. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. मांजराकडून काही मिळवावयाचे नाही, त्याला काही शिकवावयाचे नाही, केवळ त्याच्याजवळ असावयाचे, हा अनुभव त्यांनी लिहिण्याजोगा मानला.

यावर असा आक्षेप येईल की, हा सारा सुखवस्तू शहरी लोकांचा चोचला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही वाचकांस उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याकडे नेऊ इच्छितो. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा तालुका काळी नदीच्या खोऱ्यात, घनदाट रानात विखुरलेल्या वाड्यांचा आहे. येथील कुणबी घरात कोंकणी बोलतो. कचेरीत कानडी चालते. भजनात आणि पुष्कळ ठिकाणी शाळेतही मराठी ऐकू येते. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. येथे भाताची कणगी हे घराचे धन, आणि त्या धनाचा पहिला वैरी उंदीर. मांजर माणसाकडे आले तेच मुळी धान्याच्या वाटेने. पश्चिम आशियातील रानमांजर पहिल्या शेतकऱ्यांच्या कोठारांशी सलगी करीत माणसाळले, असे आजचे शास्त्र सांगते. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे कणगी आणि मांजर यांचे नाते पुस्तकांहून आणि देवळांहूनही जुने आहे.

परंतु उपयुक्ततेने सुरू झालेले नाते उपयुक्ततेपाशी थांबत नाही, हेच येथे ध्यानात घ्यावयाचे. घाटमाथ्यावरचा पाऊस सुरू झाला की दिवसांमागून दिवस घराबाहेर पडणे कठीण होते. लाकडे ओली, भिंती ओल्या, अंगावरचे कांबळेही दमट. अशा दिवसांत चुलीजवळची कोरडी जागा घरात एकच असते, आणि ती मांजराने अगोदरच हेरलेली असते. रात्री चूल विझली की ते उबदार राखेशी सरकते, तेथून घोंगडीवर येते, पुढच्या पंजांनी ती क्षणभर तुडविते आणि घुरघुरत वेटोळे करते. तरुण मुले कामधंद्यासाठी गोव्याकडे अथवा बेळगाव-हुबळीकडे गेली की मागे राहिलेल्या म्हातारीच्या घरात रात्री ऐकू येणारा दुसरा श्वास पुष्कळदा याच प्राण्याचा असतो. कणगीत उंदीर उरला नाही म्हणून तिच्या ताटातला भाताचा घास थांबत नाही. उपयोगाचा हिशेब संपल्यावर जे उरते ते सख्य, आणि वाङ्मयाचा विषय तेथूनच सुरू होतो.

येथे दुसरेही एक मर्म आहे. या रानात वाघ आहे, बिबळ्या आहे, आणि काळा बिबळ्याही आहे. दांडेली आणि अणशी मिळून 2007 साली व्याघ्रप्रकल्प झाला, त्याला 2015 पासून काळी नदीचे नाव आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात वाघाला देव मानण्याची चाल जुनी. गोव्याच्या बाजूस त्याला वाघ्रो म्हणतात. आणि त्याच वाघाची मावशी चुलीशी निजलेली! कुंपणापलीकडे जी जात भीतीची व भक्तीची, तीच कुंपणाअलीकडे विसाव्याची. मांजर पाळणारा माणूस रानाचा एक अंश घरात घेतो आणि त्याला पूर्णपणे आपलासा करण्याचा हट्ट धरीत नाही. त्या सहवासातील आनंदाचे रहस्य आमच्या मते हेच आहे. कुत्र्याचे प्रेम आपल्याला मोठेपणा देते. मांजर आपल्याला मोठेपणा देत नाही. ते केवळ आपल्या मांडीवर विश्वासाने झोपते, आणि तेवढ्याने थकलेल्या मनाची गाठ सुटते.

जोयड्याच्या निमित्ताने या प्रश्नाला करुण बाजूही येते. काळी नदीवर गणेशगुडी येथे सुपे धरण झाले आणि जुने सुपे गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. उठलेल्या कुटुंबांतील पुष्कळांना रामनगर येथे वसविण्यात आले. विस्थापनाच्या हिशेबात जमीन, झाडे, घरे, गुरे येतात. पण लोक म्हणतात, कुत्रे माणसाला बांधलेले असते आणि मांजर घराला. मग जेथे घरच पाण्याखाली जाते तेथे या बांधिलकीचे काय होते? भरपाईच्या कोणत्याही कागदात हा प्रश्न मावणार नाही. तो कथेचा प्रश्न आहे, आणि मराठी कथेने तो हाती घ्यावयास हवा. कारण मांजराच्या मिषाने येथे विचारले जाते ते ‘घरपण’ म्हणजे काय हेच. भिंती गेल्यावर जे गमावले जाते आणि ज्याला नाव देता येत नाही, ते मांजराला पक्के ठाऊक असते. उंबऱ्यावर उन्हाचा तुकडा केव्हा येतो, माळ्यावरची कोणती फळी कोरडी राहते, पहाटे कोण आधी उठते, हे ज्ञान नव्या गावी नेता येत नाही.

जोयडा आणि मांजर यांची वाङ्मयातील गत सारखीच आहे, असे आम्ही म्हटले तर वाचकांनी ती निव्वळ कोटी समजू नये. हा तालुका छापील मजकुरात येतो तो सीमाप्रश्न म्हणून, धरण म्हणून, व्याघ्रप्रकल्प म्हणून, अलीकडे पर्यटनस्थळ म्हणून. मांजर येते ते चोर म्हणून, अपशकुन म्हणून, ढोंगी म्हणून. दोघांचाही उल्लेख होतो तो दुसऱ्या कशासाठी तरी. तेथे माणसे राहतात, पावसाळे काढतात, संध्याकाळी एखादे मांजर मांडीवर घेऊन बसतात आणि त्यात सुख मानतात, एवढी साधी गोष्ट लिहिण्यास जो धीर लागतो तो आमच्या ललितगद्याने अजून पुरता कमावलेला नाही. संघर्षाचे आणि दुःखाचे वर्णन आम्हांस साधले आहे. तात्पर्याविना सुखाचे वर्णन करू लागलो की आमची लेखणी एक तर लाडिक होते किंवा थट्टेखोर.

मांजरावर लिहिणाऱ्यास या दोन्ही टोकांपासून जपावे लागेल. त्याला ‘मनी’ म्हणून कुरवाळीत बसले तर लेखन बालिश होईल. त्याच्यावर गूढतेचा मुलामा चढविला तर पोकळ होईल. त्याचे पाहणे, ताणणे, रुसणे, उंदीर आणून पायाशी टाकणे, आजारी पडले की कोपऱ्यात जाऊन एकटे बसणे, हे जसेच्या तसे पाहण्याची सवय हवी. त्याचे आयुष्य आपल्याहून तोकडे आहे, म्हणून या सुखाच्या पोटात वियोग आहेच. पण त्याचा आक्रोश न करता त्याला जागा देता आली पाहिजे. असा लेखक जोयड्यासारख्या एखाद्या वाडीतून, कोंकणीचा कोवळेपणा आणि कानडीचा शेजार घेऊन मराठीत लिहू लागेल, तर विसाव्यासाठी मराठी गद्याला आजवर न सापडलेला शब्द कदाचित त्याच्याच लेखणीतून मिळेल. त्याचे स्वागत करण्याइतकी आमची अभिरुची तोवर मोकळी झालेली असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.