रस्ता पुसणारा प्रयोग

नागमोडी रस्त्यावर कोण किती सफाईनं गाडी चालवतं, हे सिम्युलेटरवर मोजायचं तर रस्ता होईल तितका खरा करावा, असं कुणालाही वाटेल. ससेक्स विद्यापीठातल्या मायकेल लँड आणि ज्युलिया हॉरवुड यांच्या पडद्यावर मात्र एडिनबरोच्या क्वीन्स ड्राइव्हच्या दोन कडा तेवढ्या होत्या. पुढे त्यांनी त्याही पुसायला घेतल्या. 1995 साली ‘नेचर’मध्ये आलेला हा प्रयोग मला अतोनात आवडतो, तो या पुसण्यामुळे.

लँड मुळात प्राण्यांच्या डोळ्यांचे अभ्यासक. स्कॅलप या शिंपल्याच्या डोळ्यात प्रतिमा आरशानं घडते, हे दाखवणारे तेच. 1994 साली डेव्हिड ली यांच्यासोबत त्यांनी खऱ्या क्वीन्स ड्राइव्हवर ड्रायव्हरच्या नजरेचा माग काढला. वळणाच्या एक-दोन सेकंद आधीच नजर आतल्या कडेवरच्या सर्वांत पुढे आलेल्या जागी जाऊन ठरते, हे तेव्हा कळलं होतं. पण हाताला हवं ते सगळं तिथूनच मिळतं का?

आता पडद्याकडे या. वेग ठरलेला, ताशी साधारण 60 किलोमीटर. हातात फक्त स्टिअरिंग. रस्त्याची जेमतेम एक अंश उंचीची पट्टी दिसते, बाकी काही नाही. पट्टी वर, म्हणजे लांबच्या रस्त्यावर ठेवली की स्टिअरिंग संथ, डौलात फिरतं, वळणाचा बाक बरोबर धरतं. गाडी मात्र लेनमध्ये इकडेतिकडे सरकते. पट्टी खाली, गाडीजवळ आणली की लेन सांभाळली जाते, पण हात हिसके देऊ लागतात. नवशिक्याशेजारी बसून घाट उतरलेल्यांना हे हिसके चांगले ठाऊक असतील. मग एक पट्टी वर, एक खाली. मधला रस्ता गायबच. आणि चालवणं जवळपास अख्खा रस्ता दिसत असल्यासारखं!

इथे प्रयोगाची खरी सुंदरता आहे. एकसंध वाटणारं कौशल्य त्यानं उसवून दाखवलं: लांबचं पाहून वळणाची तयारी आणि जवळचं पाहून जागेची दुरुस्ती. दोन्हींची बेरीज करून एकच गुण दिला असता, तर हे भेद कधी दिसलेच नसते. ब्रेक नाही, समोरून वाहन नाही, म्हणून ही संपूर्ण ड्रायव्हिंगची परीक्षा नव्हे, हे खरं. पण स्टिअरिंगपुरतं त्यानं सांगितलेलं टिकलं: 2004 साली साल्वुची आणि ग्रे यांनी मांडलेलं स्टिअरिंगचं गणिती प्रारूप याच दोन बिंदूंवर, एका जवळच्या आणि एका लांबच्या, उभं आहे.