७२ सेकंदांत संशोधक कळतो का?

नेटची तयारी करताय ना? मग आधी एक साधं गणित करू. दोन पेपर, १५० प्रश्न, ३ तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. चुकलं तरी गुण कापत नाहीत, त्यामुळे येत नसेल तरी ठोकून द्यायचं.

परीक्षा म्हणून हे चालेल. पण २०२४ मध्ये यूजीसीने हेच गुण पीएचडी प्रवेशासाठीही वापरायचं ठरवलं. जेआरएफ न मिळालेल्यांना ७० टक्के भार नेटच्या गुणांचा, ३० टक्के मुलाखतीचा. माझा आक्षेप इथे आहे.

आपल्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा घ्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्यातल्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण नानाभॉय मूस यांनी कुलाब्यातलं काम लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. का? जागा बदलल्यामुळे आकड्यांत पडलेला फरक कोणता आणि पृथ्वीच्या चुंबकत्वात खरोखर झालेला बदल कोणता, हे वेगळं काढता यावं म्हणून.

नेटमध्ये प्रश्न आला तर तो 'वेधशाळा कोणत्या साली सुरू झाली?' असाच येईल. १९०४ वर क्लिक केलं, दोन गुण मिळाले. दोन्हीकडे का मोजलं, ही शंका ज्याला येते तो संशोधक. त्या शंकेला चार पर्यायांत जागा नाही.

यावर काहीजण म्हणतील, 'मुलाखतीत वशिला चालतो, परीक्षा निदान सगळ्यांना सारखी.' वशिल्याची भीती खोटी नाही. पण सारखी म्हणजे कशी? बहुतेक विषयांची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत. मराठीतून शिकलेल्या मुरुड-श्रीवर्धनच्या मुलीला त्याच ७२ सेकंदांत मनातल्या मनात भाषांतरही करायचं असतं. आणि १८ जून २०२४ ला झालेली परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, तेव्हा तयारी केलेले सगळेच पुन्हा रांगेत उभे राहिले.

नाव झाकून तपासलेलं दोन पानी संशोधन-टिपण, तेही आपल्या भाषेत लिहायची मुभा, एवढं केलं तरी वशिल्याला आळा बसेल आणि शंका विचारणारा दिसेल.

तोवर परीक्षा द्यावीच लागणार. घड्याळ लावून जुने पेपर सोडवाच. पण रोज त्यातला एक प्रश्न वहीत उतरवा आणि खाली मराठीत लिहा: 'हे कुणाला, कसं कळलं?' निकाल काहीही लागो, ती वही टाकू नका. तुमचा विषय बहुधा तिथेच सापडेल.