न मागितलेली मजुरी

तोरा वाचताना माणसाने आपले जगणे बाजूला ठेवावे की बरोबर घ्यावे? जपानमधल्या ओसाका शहरात एका ख्रिस्ती धर्मगुरूने दिलेले उत्तर आपण बेने इस्राएलांनी तपासून पाहण्यासारखे आहे. येशूविषयीचे त्यांचे विवेचन त्यांचे त्यांना. आपला संबंध तनाखाच्या वाचनापुरता.

होंडा तेत्सुरो हे फ्रान्सिस्कन पंथाचे. रोममध्ये बायबलचा अभ्यास केलेले, 1987 साली निघालेल्या जपानी भाषांतराच्या कामात असलेले विद्वान. 1989 साली ते ओसाकातल्या कामागासाकीत राहायला गेले. ही रोजंदारीवरच्या मजुरांची वस्ती. पहाटे मुकादमाची गाडी येते. ज्याला घेतले त्याला काम, बाकीचे रिकामे. म्हातारपणी कित्येकांना रस्त्यावर झोपण्याची पाळी येते. एका रात्री होंडा तिथे मदत वाटत असताना एका माणसाने हसून त्यांचे आभार मानले, आणि खरा देणारा आपण नसून तोच, असे त्यांना वाटले. ‘कामागासाकी आणि शुभवर्तमान’ (2006) या त्यांच्या पुस्तकाचा गाभा असा, की ईश्वर ‘लहान केलेल्यां’च्या बाजूला असतो आणि ग्रंथही तिथूनच वाचायचा.

‘लहान’ नव्हे, ‘लहान केलेले’. हा शब्द मला मोलाचा वाटतो. मिसरातल्या आपल्या वाडवडिलांना तो लागू आहेच. 1960 च्या दशकात इस्राएलमध्ये लग्नासाठी आपल्या कुळाची चौकशी सुरू झाली आणि 1964 साली क्नेसेतला आपल्या बाजूने ठराव करावा लागला, ते दिवस आठवणाऱ्यांना तो समजावून सांगायला नको.

जगणे बरोबर घेऊन धर्म पाळणे आपल्याला नवीन नाही. शनिवारी घाणा बंद, म्हणून आपण शनवार तेली. तिशा बेआवला कोकणात नाव पडले बिरड्याचा सण; बेत-हमिकदाशचा शोक आणि ताटातले वालाचे बिरडे एका दिवसात आले.

माझा आक्षेप वेगळा आहे. देवारीम 7:7 मध्ये आपण सर्वांत थोडे होतो असे आहे, पण पुढच्याच पासुकात निवडीचे कारण प्रेम आणि पूर्वजांना दिलेली शपथ हे आहे. केवळ लहानपणावर भर दिला की शपथ मागे पडते, आणि शपथेबरोबर मित्सवाही. गरिबाबद्दल कळवळा पुरेसा नाही, वेळ ठरलेली हवी. देवारीम 24:15 मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यायला सांगते. हखामीम यांनी त्याचा तास न् तास ठरवला: दिवसाच्या मजुराला रात्रभरात, रात्रीच्या मजुराला दिवसभरात, महिन्याच्या चाकराचा महिना दिवसा भरला तर त्याच दिवसात. बावा मेत्सियात तर हा माणूस शिडीवर चढतो, जिवावर उदार होतो तो या मजुरीसाठीच, असा विचार येतो. म्हणजे हखामीम यांनीही हे पासूक मजुराच्या जागेवरून वाचले होते.

तरी एक जागा उरते. मिश्ना म्हणते, मजुराने मागितलीच नाही तर उशीर करणारा मालक दोषी नाही. कामागासाकीतून पाहिले की इथे अडखळायला होते, कारण उद्या गाडीत घेणार नाहीत या भीतीनेही माणूस गप्प राहतो. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी केरळची किंवा फिलिपिन्सची मेटापेलेत आहे. तिचा व्हिसा कामावर टिकलेला आहे. मुलगा पैसे पाठवायला चार दिवस विसरला, तर ती आपल्याकडे मागेल का?