सहा गोष्टी, एकच शेवट : ‘मॉडर्न लव्ह मुंबई’ बघताना कळलेली नमुना निवड

पेट किंवा नेटची तयारी करताना ‘नमुना निवड’ हे प्रकरण आपण सगळेच पाठ करतो. यादृच्छिक, स्तरित, सहेतुक, स्नोबॉल... व्याख्या लिहायची, गुण घ्यायचे, विषय संपला. मला हे प्रकरण खऱ्या अर्थाने कळलं ते एक मालिका बघताना. आज तिच्याबद्दल.

‘मॉडर्न लव्ह मुंबई’ मे २०२२मध्ये ॲमेझॉन प्राइमवर आली. सहा भाग, सहा दिग्दर्शक, सहा स्वतंत्र गोष्टी. मूळ कल्पना ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या २००४पासून चालू असलेल्या सदराची. त्यात लोक आपल्याच आयुष्यातल्या प्रेमाबद्दल लिहून पाठवतात. त्यावर आधी अमेरिकन मालिका झाली, मग मुंबई, हैदराबाद आणि चेन्नईची.

वरवर बघितलं तर विविधता भरपूर आहे. शोनाली बोसच्या ‘रात रानी’त नवऱ्याने सोडलेली काश्मिरी लाली आहे. हंसल मेहतांच्या ‘बाई’त पुरुषावर प्रेम करणारा मंझर आणि त्याची आजी. विशाल भारद्वाजच्या ‘मुंबई ड्रॅगन’मध्ये चिनी वंशाची आई, गायक व्हायला निघालेला मुलगा आणि त्याची गुजराती, शाकाहारी मैत्रीण. बाकीच्या तीन गोष्टींत वय वाढलेली एकटी बाई, डेटिंग ॲपला कंटाळलेली तिशीतली मुलगी आणि लग्नात अडकल्यासारखी वाटणारी लेखिका. वय, धर्म, वर्ग, लैंगिकता हे सगळे चल बदलताहेत. पद्धतशास्त्राच्या मॅडम खूश होतील.

आता आश्रयी चल बघा, म्हणजे गोष्टीचा निकाल. लाली कधी न जमलेला पूल सायकलवरून पार करते. मंझर स्वतःशी समेट करतो. आई नमते. कुणी स्वतःला माफ करतं, कुणाला माणूस मिळतो, कुणाला आपला संसार नव्याने दिसतो. माझ्या मते सहाही गोष्टी एकाच जागी येऊन थांबतात : माणूस सावरतो. म्हणजे विविधता सगळी सुरुवातीला आहे, शेवटाला नाही. संशोधनाच्या भाषेत याला निकाल बघून केलेली निवड म्हणतात. जिथे निकाल चांगला लागला तीच प्रकरणं घेतली, तर निकाल कशामुळे चांगला लागला हे सांगता येत नाही, कारण तुलनेला दुसरं काही उरतच नाही.

हे सदरापासूनच सुरू होतं असं मला वाटतं. तिथे दुःखाच्या गोष्टीही येतात. पण लिहून पाठवणारा माणूस निदान लिहिण्याइतका तरी सावरलेला असतो. जो सावरला नाही, तो लिहीत नाही.

हे मला इतकं का टोचलं, तर माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी नेमकं हेच केलं होतं. विषय शहरातले आंतरजातीय विवाह. एका जोडप्याने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. मुलाखती छान झाल्या, चहा झाला, लग्नाचे अल्बम बघितले. शहर माणसाला मोकळं करतं, असा निष्कर्षही लिहून टाकला. गाइडनी प्रकरण वाचून एवढंच विचारलं, “ज्यांचं जमलं नाही, ते कुठायत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या मुलीला गावी परत नेलं, ती कुणाच्या फोनच्या यादीत असणार? वर्षाचं काम अर्धं बाद झालं.

मालिकेतही हीच पोकळी आहे. जात हा चल सहाही गोष्टींत उघडपणे येत नाही. अँथॉलॉजीत ते जमत नाही असं मात्र नाही. २०२१च्या ‘अजीब दास्तान्स’मधली नीरज घेवानची ‘गीली पुच्ची’ आठवा. कारखान्यात मशीनवर काम करणारी दलित भारती, ऑफिसात तिला हवी असलेली जागा मिळालेली ब्राह्मण प्रिया, आणि दोघींमधली ओढ. तिथे प्रेम जातीला हरवत नाही. शेवटी भारती जे करते त्याने आपल्याला हायसं वाटत नाही, आणि म्हणूनच काहीतरी कळतं.

याचा अर्थ ‘मॉडर्न लव्ह मुंबई’ वाईट आहे असं नाही. ‘बाई’ मला फार आवडली. दंगलीत जमावासमोर उभी राहिलेली आजी, आणि तिला नातवाचं प्रेम सोसणार नाही असं ठरवून तिच्यापासून ते लपवणारं घर. तिला कुणी विचारलंच नाही. उत्तरदात्याच्या वतीने आपणच उत्तर देऊन टाकणं, ही चूक आपणही करतोच की.

मालिका म्हणजे प्रबंध नव्हे, तिने प्रातिनिधिक असावं असा माझा हट्ट नाही. पण नावात ‘मुंबई’ आहे, म्हणजे शहराबद्दल काहीतरी दावा आहे, आणि दावा आला की निवडीचा निकष विचारायचा हक्क आला.

तर आराखडा लिहायला बसाल तेव्हा ‘किती जणांशी बोलणार’ याच्या आधी एक ओळ लिहा : माझ्या पद्धतीने कोण माझ्यापर्यंत पोहोचूच शकणार नाही? ती ओळ मर्यादांच्या शेवटच्या पानावर ढकलू नका, नमुना निवडीतच ठेवा. मी आता कुटुंब न्यायालयातल्या वकिलांशी आणि स्त्री संघटनांतल्या कार्यकर्त्यांशी बोलतेय. मुलाखती कमी होताहेत, अल्बम कुणी दाखवत नाही. पण प्रकरण पहिल्यांदाच खरं वाटायला लागलंय.