स्क्रिप्ट ‘नाही’ म्हणाली, म्हणजे फायरवॉल नाहीच?

एनमॅपची ‘एचटीटीपी-वॅफ-डिटेक्ट’ स्क्रिप्ट आधी साधी विनंती पाठवते, मग हल्ल्यासारखा मजकूर घातलेल्या. २०० ऐवजी ४०३ आलं, की फायरवॉल आहे असा निष्कर्ष. कल्पना सुटसुटीत, पण पुरावा कच्चा. फायरवॉल नुसतीच नोंद ठेवत असेल तर उत्तर बदलतच नाही. अडवल्याचं पान २०० कोडनेच आलं, तर पानातला बदल तपासायचा पर्याय चालू केल्याशिवाय तेही निसटतं. उलट, वेबसाइटच्या स्वतःच्या कोडनेच मजकूर नाकारला तरी ४०३ येऊ शकतो. म्हणून प्रबंधात ‘फायरवॉल नाही’ असं लिहू नका. ‘या चाचणीत आढळली नाही’ एवढंच लिहा. आणि हो, चाचणी परवानगी घेतलेल्या सर्व्हरवरच करा!