आधी पेला, मग लेबल

मंडळी, इथे उमेळ्याच्या उकाड्यात जुन्या सिंगल माल्टची पारख करायची, तर आधी हवेचा विचार करू. स्कॉटलंडात लाकडी पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के मद्य उडून जातं; गोव्यात कितीतरी जास्त. तिथली पॉल जॉन म्हणूनच लवकर मुरते. मग ‘२५ वर्षे’ हा आकडा गुण कसा? गॉर्डन अँड मॅकफेलसारखी स्वतंत्र पेढी दुसऱ्याच्या भट्टीचं मद्य कित्येकदा एकाच पिंपातून बाटलीत भरते. प्रत्येक पिंपाची चव निराळी. फार मुरलं तर लाकूडच बोलतं, जव गप्प होतो. कांट १७९० साली सांगून गेला: कॅनरीची वाइन ‘मला’ रुचते, एवढंच म्हणावं. आम्ही हे आयुष्यभर शिकवलं; तरी आकडा वाचून, घोट घेण्याआधीच माना डोलावल्या.